एका नावाच्या तीनशे बारा बायका

नोटीस आली मंगळवारी, आणि शुक्रवारी दुपारी सगळं घर दवाखान्याच्या वरच्या खोलीत जमलं. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून तसाच आला होता, हाताला ग्रीस. वहिनीने शिवणाचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. मावशी खालीच राहायची, ती चहाचं भांडं घेऊनच जिना चढली. आई खिडकीजवळ खुर्चीत बसली होती आणि धाकटी, म्हणजे या घरातली शिकून नर्स झालेली लेक, दाराशी उभी होती. तिला तीनला ड्युटीवर जायचं होतं आणि तेवढ्यात काय तो निकाल लागावा असं तिला वाटत होतं. या घरात कुठल्या गोष्टीचा निकाल दोन तासांत लागलाय म्हणा!

दादाने नोटीस पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. भाषा सरकारी, पण मतलब एवढाच होता की मोठ्या इस्पितळाने नवा कॉम्प्युटर आणला होता. जुनी कार्डं त्यात भरली, तेव्हा त्याला एकाच नावाची तीनशे बारा कार्डं सापडली आणि त्याने शहाणपणा करून त्यांचं एकच कार्ड केलं. आता कॉम्प्युटरच्या मते एकच बाई रोज तीनशे बारा गोळ्या खात होती. एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण त्याने पुढे जाऊन जुन्या नोंदीही चाळल्या आणि ती बाई बावीस वर्षांपूर्वीच वारल्याचं शोधून काढलं. सबब गल्लीतल्या दवाखान्याचा औषधपुरवठा थांबवण्यात येत आहे, कार्डधारकाने येत्या बुधवारी सकाळी दहा वाजता समितीपुढे समक्ष हजर व्हावे, अन्यथा दवाखान्याची मान्यता रद्द होईल.

"मेलेल्या माणसाला समक्ष हजर करा म्हणतात," मावशी कप भरता भरता म्हणाली, "आणि वेडे कोण, तर आपण."

कुणी हसलं नाही. खाली कपाटात अकरा दिवसांपुरत्या गोळ्या उरल्या होत्या. आता ही गोळी काही डोकेदुखीची नव्हे, की आज राहिली तर उद्या घेतली. त्या आजाराची गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायची. मध्ये खंड पडला की रक्तात दबून बसलेला आजार पुन्हा उचल खातो आणि मग तीच गोळी लागू पडेनाशी होते. खोलीतल्या सगळ्यांना हे थोडंफार माहीत होतं, धाकटीला मात्र ते आकड्यांसकट माहीत होतं. त्यातून फाइल नंबर एक कुणाची हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ती खिडकीजवळ बसून चहा फुंकत होती.

हे एकच नाव सगळ्यांचं कसं झालं, त्याची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर तुम्हीही त्या कॉम्प्युटरसारखेच घोळात पडाल. ते नाव आजीचं. आजीने याच गल्लीत धंदा करून दोन पोरी वाढवल्या, आणि शेवटी तापाने फणफणत ती मोठ्या इस्पितळात गेली, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने पत्ता विचारला. तिने गल्लीचं नाव सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि तिथल्या बायकांसाठी इथे सोय नाही म्हणाला. तिला तिथल्याच बाकावर बसवून ठेवलं, आणि चौथ्या दिवशी ती त्या बाकावरच गेली. मेल्यावर नोंद मात्र व्यवस्थित झाली, नावात एका काना-मात्रेचीही चूक नाही.

त्यानंतर गल्लीतल्या बायकांनी संघटना केली, चार वर्षं त्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसल्या, आणि अखेर एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडून गोळ्या वाटायला सुरुवात झाली. रांगेत पहिली आई. टेबलावरच्या बाबूने नाव विचारलं, आणि आईच्या तोंडून स्वतःचं नाव येण्याऐवजी तिच्या आईचं आलं. तिला मिळालं नाही, निदान तिच्या नावावर तरी मिळू दे, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. विचारलं तर ती सांगायची नाही. दुसरी मावशी, तिने तेच सांगितलं. तिसरीला कुठल्याही सरकारी माणसाला खरं नाव द्यायचंच नव्हतं, तिला वाटलं, इथे हेच सांगायची पद्धत असेल. दुपारपर्यंत चाळीसजणी एकाच नावाच्या झाल्या. तो बाबू एक तर ठोंब्या होता किंवा फार भला माणूस होता. त्याने चाळीस वेळा तेच नाव लिहिलं आणि समोर फक्त नंबर घातला.

पुढे तो शिरस्ताच पडला. नवी कुणी आली की तिला नंबर मिळायचा आणि काय नाव सांगायचं ते कानात सांगितलं जायचं. आपण काही लबाडी करतोय असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. ज्या धंद्यात नाव कपड्यांसारखं घालायचं आणि काढायचं, तिथल्या बाईला सरकार नावावर एवढं अडून बसेल हे कसं सुचावं? चूक म्हणायची तर चूक, पण ती फक्त याच बायकांच्या हातून व्हावी अशी.

दादाचं म्हणणं ठरलेलं होतं. दहा वर्षं तो तेच म्हणत होता. दवाखाना बंद पडतोय तर पडू दे, आई, तू आमच्याकडे चल, दोन खोल्या आहेत, तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. नवल हे, की आज धाकटीनेही त्याची री ओढली. एरवी या विषयावर दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आईच्या गोळ्या तिच्या खऱ्या नावावर दुसऱ्या इस्पितळातून मिळवून देता येतील, गुपचूप, मी बघते, असं ती म्हणाली. म्हणताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

आईने कप खाली ठेवला. "मी माझ्या गोळीचं बोलत नाहीये," ती म्हणाली.

मावशीचं मत निराळंच. सगळ्यांनी आपापली खरी नावं द्यावीत आणि मोकळं व्हावं, आता काळ बदललाय. त्यावर आईने फक्त त्या यादीची आठवण करून दिली. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. आरोग्य तपासणीसाठी म्हणून नावं घेतली, ती यादी पोलिसांकडे गेली, तिथून घरमालकांकडे, आणि एका आठवड्यात साठ बायकांचं सामान रस्त्यावर आलं. धाकटीला त्यातलं एवढंच आठवत होतं, की एक पलंग उलटा पडला होता आणि त्याचे चारी पाय वर होते. मावशीने मान खाली घातली. तो पलंग तिचाच होता.

मग बोलली वहिनी. ही लग्न होऊन आली तेव्हा तिला सासूचा धंदा लग्नानंतर कळला, महिनाभर ती कुणाशी बोलली नाही, आणि मग एके दिवशी स्वतःच रिक्षा करून गल्लीत आली आणि दवाखान्याच्या पडद्यांचं माप घेऊन गेली. ते सगळं आता जुनं झालं. पण घरच्या बैठकीत ती कधी नवऱ्याच्या विरुद्ध बोललेली नव्हती. आज तिने नोटीस मागून घेतली, बोटाने ओळ धरून वाचली आणि विचारलं, "कार्डधारकाने समक्ष हजर व्हावं, असंच लिहिलंय ना? मग कार्ड कुणाकडे आहे? तीनशे बाराजणींकडे. सगळ्यांनीच हजर व्हावं. नाव विचारतील तर जे आहे ते सांगावं. माणसं तर मोजता येतील त्यांना."

दादाने बायकोकडे असं पाहिलं, जणू चौथा मजला दाबला आणि लिफ्टने तळघरात नेलं.

मावशी म्हणाली, बोलायला सोपं आहे. दिवसाढवळ्या, भर रस्त्याने, मोठ्या इस्पितळात? यातल्या कितीजणींच्या घरी काही माहीत नाही. कितीजणी सुटून संसाराला लागल्यात. कुणी शाळेत स्वयंपाक करते, कुणी भाजीचा गाळा चालवते. एकीला कुणी त्या रांगेत पाहिलं, तर तिचं घर उठेल. वीस आल्या तरी देव पावला म्हणायचं. आईने वहिनीला जवळ बोलावून शेजारच्या स्टुलावर बसवलं, आणि घरात कोण कुणाच्या बाजूला गेलं ते तेवढ्यावरून सगळ्यांना समजलं.

निघताना आईने धाकटीला जिन्यावर थांबवलं. "बुधवारी तुझी ड्युटी आहे ना? तू मला ओळखत नाहीस."

हा गल्लीचा जुना नियम होता. बाहेर आईने पोराला ओळख दाखवायची नाही. शाळेतून मैत्रिणींबरोबर येताना समोरून आई आली, की आईच झटकन कुठल्यातरी दुकानातल्या काचेत बघायला लागायची. भांड्यांचं दुकान असो, नाहीतर चष्म्यांचं. धाकटी पुढे निघून जायची. त्याच मोठ्या इस्पितळात तिला नऊ वर्षं झाली, पण तिथे तिच्या कागदावर हॉस्टेलचा पत्ता होता आणि घरचं कुणी विचारलं तर ती गाव लांब आहे म्हणायची. दर गुरुवारी ती गल्लीतल्या दवाखान्यात रक्त घ्यायला येते हे सगळ्यांना माहीत होतं, पण सेवाभावी वृत्तीची म्हणून तिचं कौतुकच व्हायचं. खरं काय ते कळलं असतं तर कौतुक करणाऱ्यांनी तिच्या डब्याला हात लावला असता का, याचा तिला भरवसा नव्हता.

तिने मान हलवली. सुटल्यासारखं वाटलं तिला, आणि तसं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

*

बुधवारी बाह्यरुग्ण विभागाच्या लांबोळक्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. मध्ये आरोग्य खात्याचे अधिकारी, एका बाजूला इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला इस्पितळातला आताचा कार्डं लिहिणारा बाबू. मोठ्या सिस्टरनी धाकटीला टेबलाच्या कडेला उभं केलं होतं, गल्लीत जाणारी तीच एक म्हणून. गल्लीतल्या दवाखान्याच्या कागदी फाइली दोन पोत्यांत भरून आल्या होत्या आणि ती पोती वाहून आणणारा माणूस दाराशी घाम पुसत उभा होता. तो दादा होता. मी येणार नाही, असं शुक्रवारी तीन वेळा सांगून गेलेला.

निरोप शुक्रवारीच सगळ्यांना गेला होता, पण दहा वाजले तेव्हा हॉलमध्ये आई, मावशी आणि आणखी सातजणी होत्या. धाकटीने मनात मोजलं, मग पुन्हा मोजलं. नऊ. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. आई समोरच्या भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत होती, जणू याच कामाला आली आहे.

मग फाटकावरचा रखवालदार आत आला. त्याला काय सांगावं तेच समजत नव्हतं. साहेब, बाहेर बघा, एवढंच तो म्हणाला, आणि धाकटी सगळ्यांच्या आधी खिडकीशी गेली.

रांग फाटकापासून सुरू झाली होती आणि औषधांच्या दुकानांवरून, बसथांब्यावरून कोपऱ्यापर्यंत जाऊन वळली होती. वळल्यावर पुढे किती होती ते दिसत नव्हतं. बायका भिंतीला पाठ लावून, एकीला चिकटून एक उभ्या होत्या, आणि फाटकासमोर त्यांनी स्वतःहून मोकळी जागा सोडली होती, कारण तिथून अँब्युलन्स आत येतात. कुणी घोषणा देत नव्हतं. कुणी बोलतही नव्हतं. बँकेत जाताना घालावेत तसे धुतलेले कपडे, विंचरलेले केस, हातात कार्ड. बहुतेकींनी तोंडं न झाकता उघडीच ठेवली होती. दहाच्या उन्हात, सगळ्या गावाला दिसतील अशी.

धाकटीने या प्रत्येकीला पाहिलं होतं, पण एकेकीला, टेबलापलीकडून, बाही वर केलेली. सगळ्या एकत्र तिने कधीच पाहिल्या नव्हत्या. कुणीच पाहिल्या नसतील. त्यांनी स्वतःही नसतील पाहिल्या. ती शाळेतली स्वयंपाकीण होती. ती भाजीच्या गाळ्यावरची होती, जिचा नवरा रोज तिला विचारून हैराण करायचा की ही कसली गोळी, आणि ती रक्त वाढायची म्हणून सांगायची. पंधरा वर्षांपूर्वी लग्न करून तीन गावं पलीकडे गेलेली एकजण पहाटेच्या बसने आली होती, हातात अजून तिकीट होतं. धंदा सोडून वीस वर्षं झालेली म्हातारी दोघींच्या खांद्यांवर हात टाकून उभी होती. धाकटीचे डोळे भरून आले तरी तिने पुसले नाहीत, कारण पुसले तर तेवढा वेळ रांग दिसली नसती.

आणि मी नऊ वर्षं हॉस्टेलचा पत्ता सांगत आले, असं तिच्या मनात आलं.

बायका आत यायला लागल्या. अधिकाऱ्यांनी पहिलीला नाव विचारलं, तिने आजीचं नाव सांगितलं. दुसरीने तेच. तिसरीने तेच, चौथीने तेच, न अडखळता, पाठ केलेलं नव्हे तर आपलंच असल्यासारखं. सतराव्या बाईला त्यांनी विचारलंच नाही, पेन ठेवून खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नव्हता बिचारा. कागदाला भिणारा होता. बायका पुष्कळ आहेत हे मला दिसतंय, ते म्हणाले, पण या त्याच बायका कशावरून? उद्या कुणी म्हणालं, रस्त्यावरून गोळा करून आणल्या, तर मी काय दाखवू? आणि त्या पोत्यांतल्या फाइली तर तुमच्याच हातच्या. इस्पितळातलं कुणी आहे का, जे यांची ओळख पटवेल?

मोठ्या सिस्टरनी धाकटीकडे पाहिलं. आई तक्त्याकडे बघत होती. तिच्या मानेची शीर ताणलेली होती आणि तिचा अर्थ धाकटीला चांगला कळत होता. बोलू नकोस.

कपाटात आता सहा दिवसांच्या गोळ्या होत्या.

"मी सांगते," धाकटी म्हणाली. "नावं नका विचारू. फाइली तुमच्याकडे ठेवा, मला दाखवूही नका. मी हात बघून सांगते."

अधिकाऱ्यांना काही कळलं नाही. डॉक्टरीणबाईंना कळलं. त्यांनी खूण केली तशी रांगेतली एकजण पुढे आली आणि तिने हात टेबलावर ठेवला. धाकटीने तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, कोपराच्या खोबणीवर दोन बोटं टेकवली. "चौऱ्याहत्तर नंबर. हिची डाव्या हाताची नस वरून दिसत नाही, आत खोल आहे, आणि सुई घातली की सरकते. औषध सुरू केलं तेव्हा वजन अडतीस, मागच्या महिन्यात एकोणपन्नास. पहिल्या वर्षी अंगावर पुरळ उठलं म्हणून गोळी बदलली होती."

बाबूने चौऱ्याहत्तर नंबरची फाइल शोधून काढली आणि बोट फिरवत वाचली. अडतीस होतं. एकोणपन्नास होतं. पुरळाची नोंदही होती. पुढची आली. तिचं रक्त उजव्या मनगटावरून घ्यावं लागतं, कारण कोपरावरची कातडी भाजलेली आहे, नंबर दोनशे सहा, दोन वर्षांपूर्वी क्षयाचं औषध पूर्ण केलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, भाजलं कशाने?

"ते फाइलमध्ये नाही," धाकटी म्हणाली. तिला माहीत होतं, पण ते सांगायचं नव्हतं. ती बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिने हात काढून घेतला.

दहाबाराजणी झाल्यावर अधिकाऱ्यांनी एक युक्ती केली. त्यांनी रखवालदाराच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि थोड्या वेळाने रांगेतून आणखी एक हात टेबलावर आला. धाकटीने बोटं टेकवली, पुन्हा टेकवली, आणि कपाळाला आठी घातली. "ही नस मी कधी बघितलेली नाही," ती म्हणाली आणि तेव्हा कुठे तिने मान वर केली. समोर प्रसूती विभागात फरशी पुसणाऱ्या बाई होत्या, चेहऱ्यावर ओशाळं हसू. हॉलमध्ये खसखस पिकली. मावशी तर तोंडावर हात घेऊन वाकली. अधिकारीही हसले, आणि कान पकडल्यासारखं करून त्यांनी फाइल मिटली.

डॉक्टरीणबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी मघापासून एकामागून एक फाइली उघडून समोर पसरल्या होत्या आणि त्या त्यांत बुडाल्या होत्या. वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच दिसला. आमच्या विभागात शिकलेसवरलेले लोक येतात, त्यांनी सावकाश विचारलं, त्यातले निम्मे दोन वर्षांत गोळी सोडतात. इथे अठरा अठरा वर्षं खंड नाही. हे तुम्ही कसं केलं?

मावशीने सांगितलं, त्यात काय विशेष. संध्याकाळी सहा वाजता, धंद्याची वेळ व्हायच्या आधी, एकजण ताटली वाजवत गल्लीतून जाते. प्रत्येक बाई दारात येते, गोळी जिभेवर ठेवून शेजारणीला दाखवते आणि मग गिळते. दिसली नाही तर शेजारीण वर चढून जाते. गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी दार वाजवते. ज्या गल्ली सोडून गेल्या, त्यांना सहाला फोन जातो. पोलिसांची धाड पडली होती त्या दिवशी कोठडीत ताटली नव्हती, तर आम्ही गज वाजवले.

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. कुणासाठी, ते पहिल्यांदा समजलं नाही. नंतर समजलं की समोरच्या बायकांसाठी. मग मोठ्या सिस्टर उठल्या, आणि उगीच अवघडल्यासारखे होऊन अधिकारीही उठले. बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. त्यांच्यासाठी आजवर कुणी खुर्चीतून उठलेलं नव्हतं, त्यांना त्याचं काय करावं ते सुचेना. धाकटीला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि जगातल्या सगळ्यांना बोलावून हे दाखवावंसं वाटलं.

पुढचं सगळं भराभर ठरलं. औषध आजच गल्लीत जाईल. नव्या कार्डावर नाव लागणार नाही, फक्त नंबर, आणि कॉम्प्युटरला ते कसं समजवायचं ते खातं बघेल. सगळ्या आल्याच आहेत तर सहामाही रक्ततपासणीही उरकून घ्या. बाबूने नव्या फॉर्मचा गठ्ठा काढला, धाकटीने बाह्या दुमडल्या, रबरी पट्टा घेतला आणि ती स्टुलावर बसली. ती रक्त घेई, शेजारी बाबू फॉर्म भरी. नंबर, वय, वजन, आणि शेवटी एक रकाना, जवळचे नातेवाईक. बायका एकामागून एक कुणी नाही म्हणत होत्या. बाबू रेघ मारत होता.

आई पहिल्या नंबरची, पण ती मागे सरत सरत इतरांना पुढे घालत राहिली होती. साठ-सत्तरजणी झाल्यावर तिला आणखी मागे सरता येईना. ती समोर येऊन बसली, हात टेबलावर ठेवला आणि नजर भिंतीकडे वळवली. पाठ ताठ, तोंड कोरं. इतकं चांगलं तिला जमायचं, की बघणाऱ्याने शपथेवर सांगितलं असतं, या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

"जवळचे नातेवाईक?" बाबूने विचारलं.

"कुणी नाही," आई भिंतीला म्हणाली.

धाकटीने तिच्या दंडाला पट्टा बांधला. हात हलका झाला होता, कातडी कागदासारखी. या हाताची नस तिला डोळे मिटून सापडली असती. बाबूचं पेन रेघ मारायला टेकलं होतं. मोठ्या सिस्टर दोन पावलांवर उभ्या होत्या, दाराशी दादा होता, आणि बाहेर उन्हात अजून दोनशे बायका उभ्या होत्या, ज्यांनी सकाळी घरातून निघताना सगळं पणाला लावलं होतं आणि कुणी त्यांच्यावर तशी सक्तीही केली नव्हती.

"मूठ आवळ, आई," धाकटी म्हणाली.

ती मोठ्याने म्हणाली नाही. पण बाबूचं पेन थांबलं. मोठ्या सिस्टरनी मान वळवली. आईने झटक्यात तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग होता, भीती होती. "अगं, तुझी नोकरी," ती पुटपुटली.

"मूठ," धाकटी म्हणाली. आईने मूठ आवळली आणि नस वर आली. धाकटीने सुई घातली, नळीत रक्त चढायला लागलं, तेव्हा तिने बाबूला सांगितलं, "नातेवाईक लिहा. मुलगी. इथेच नोकरीला आहे."

बाबू नऊ वर्षं तिच्या शेजारी बसून डबा खायचा. त्याने तिच्याकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं, आणि मग खाली वाकून लिहायला लागला. मोठ्या सिस्टरनी पुढची रिकामी नळी धाकटीच्या हाताशी सरकवली.

आई आता भिंतीकडे बघत नव्हती. ती भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, लेकीच्या तोंडाकडे बघत होती. सुई निघाली, कापूस दाबला गेला, पट्टा सुटला, तरी तिला उठायचं सुचलं नाही. मागच्या बायकांनीही तिला घाई केली नाही.